दाखल्यावरून दाखला

मराठीत ‘दाखला’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी तो आधी कागद म्हणून भेटतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. निकाल लागले की तहसील कार्यालयात जो तो दाखला काढायला आलेला असतो. पण त्याच रांगेत दोघांचा वाद जुंपला आणि एक जण म्हणाला, ‘असं कुठं झालं? एक तरी दाखला दे,’ तर त्याला कागद नको असतो. त्याला उदाहरण हवे असते.

शब्द मूळचा अरबी. ‘दखल’ म्हणजे आत येणे, ‘दाखिल’ म्हणजे आत आलेला. फारसीच्या हाताला धरून तो दफ्तरी मराठीत आला आणि इथलाच झाला. गाडी फलाटावर दाखल होते, रोगी दवाखान्यात दाखल होतो, गुन्हा ठाण्यात दाखल होतो. एखाद्या गोष्टीची आपण ‘दखल’ घेतो, तीही याच कुळातली. वहीत जे आत आले ते दाखल, आणि आत आल्याची खूण तो दाखला. तिथून उदाहरणाकडे जायला एकच पाऊल पुरते. नवे प्रकरण समोर आले की कारकून जुनी वही उघडतो आणि अशा बाबतीत पूर्वी काय झाले होते ते पाहतो. ती जुनी नोंद आता नव्या प्रकरणाचा आधार होते. दाखला पुरावा होता, तो आता नजीर झाला. ‘उदाहरणादाखल’ आणि ‘नमुन्यादाखल’ असे आपण म्हणतो तेव्हा या वहीची पाने नकळत चाळत असतो.

इथे एक सापळा आहे. ‘दाखला’ आणि ‘दाखवणे’ हे सख्खे भाऊ वाटतात, आणि दाखला हा दाखवायचाच असतो, त्यामुळे अर्थही जुळतो. पण दाखवणे हे प्राकृत ‘दक्खवइ’वरून आले, त्याच्या मागे संस्कृत ‘दृश्’ म्हणजे पाहणे. अरबी ‘दखल’शी त्याचा काही संबंध नाही. ध्वनी जुळला, अर्थ जुळला, तरी कूळ वेगळे निघाले. साम्यावरून चालताना माणूस कुठे फसतो याचा हा दाखलाच. आणि पुढे ज्या यंत्राची गोष्ट सांगायची आहे ते याच वाटेने चालते, याच ठिकाणी फसते.

त्या पद्धतीला पुस्तकी मराठीत ‘उदाहरणाधारित यांत्रिक भाषांतर’ म्हणता येईल. मी तिला दाखल्यावरचे भाषांतर म्हणेन, कारण तिच्यात वहीही आहे आणि नजीरही.

१९८१ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या ल्यों शहरी मानवी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक परिसंवाद झाला. क्योतो विद्यापीठातले माकोतो नागाओ यांनी तिथे जपानी आणि इंग्रजीतल्या यांत्रिक भाषांतराचा एक आराखडा मांडला. १९८४ मध्ये तो ग्रंथात छापून आला. त्याच्या शीर्षकातच सादृश्याचे तत्त्व होते. तोवर यंत्राला भाषांतर शिकवायचे म्हणजे व्याकरण शिकवायचे अशी समजूत होती. वाक्य फोडा, कर्ता-कर्म-क्रियापद ओळखा, कोशातून शब्द उचला, दुसऱ्या भाषेच्या नियमांनी पुन्हा बांधा. १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी रशियन वाक्यांवर केलेल्या प्रयोगाने मोठ्या आशा लावल्या, आणि यांत्रिक भाषांतराचा आढावा घेणाऱ्या १९६६ च्या एल्पॅक अहवालाने त्या बऱ्याच मालवल्या. जपानी आणि इंग्रजी तर एकमेकींपासून इतक्या दूरच्या की नियमाला अपवाद आणि अपवादाला पोटअपवाद लावता लावता सगळी रचना कोसळे.

नागाओंनी प्रश्नच वेगळा विचारला. माणूस भाषांतर करतो तेव्हा खरेच वाक्याची एवढी चिरफाड करतो का? परकी भाषा शिकणारा मुलगा वाक्यांच्या जोड्या पाठ करतो. नवे वाक्य आले की त्याच्यासारखे जुने वाक्य आठवतो, जेवढे वेगळे तेवढे बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो. मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी वाक्य आणि त्याचे भाषांतर, मग त्याच धर्तीची वाक्ये सरावाला. ‘त्याच धर्तीची’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. नागाओंना यंत्राकडून हवे होते ते एवढेच: धर्ती ओळखणे.

त्यांचे उदाहरण खाण्याचे आहे. माणूस भाजी खातो, आम्ल धातू खाते. इंग्रजीत दोन्हीकडे क्रियापद एकच. जपानीत मात्र माणसाच्या खाण्याला ‘ताबेरु’ आणि आम्लाच्या खाण्याला ‘ओकासु’, म्हणजे आक्रमण करणे, पोखरणे. यंत्राच्या वहीत ही दोन वाक्ये आपापल्या भाषांतरासह दाखल आहेत. आता नवे वाक्य आले: तो बटाटे खातो. ‘तो’ हा माणसाजवळचा, बटाटा भाजीजवळचा, म्हणून ताबेरु. गंधकाम्ल लोखंड खाते असे आले तर ओकासु. कोणता शब्द कोणाच्या जवळचा हे समानार्थी शब्दांच्या, वर्गवार लावलेल्या कोशावरून मोजायचे. नियम कुठेच लिहिलेला नाही. जवळीक मोजली आणि जवळच्याचे अनुकरण केले.

मराठीतले खाणे नागाओंना मिळाले असते तर त्यांना दुसरे उदाहरण शोधायची गरजच पडली नसती. आपल्याकडे माणूस भाकर खातो, पैसे खातो, मार खातो, शिव्या खातो, भाव खातो, हवा खातो, दुसऱ्याचे डोके खातो, ऐन वेळी कच खातो. वाळवी दार खाते, गंज पत्रा खातो. आष्टी, कारंजा, वरूड, मोर्शी हा संत्र्याचा पट्टा. तिथे शेळीने कलम खाल्ले आणि डिंक्याने झाड खाल्ले ही दोन्ही वाक्ये शेतकऱ्याच्या तोंडी सहज येतात. पहिल्यात तोंड आहे, चावणे आहे. दुसऱ्यात बुंध्याला लागलेला रोग आहे, आणि झाड हळूहळू वाळत जाते. कर्म दोन्हीकडे झाडच. निवाडा कर्त्यावर होतो. डिंक्या हा शेळीच्या जवळचा की गंजाच्या? शेतकऱ्याला हा प्रश्न पडत नाही, यंत्राला पडतो. आणि त्याच्या वहीत डिंक्या हा शब्दच नसेल तर ते त्याला प्राणी समजायलाही कमी करणार नाही.

या युक्तीचे नाव आपल्या शाळेत प्रत्येकाने घोकलेले आहे: त्रैराशिक. तीन राशी दिलेल्या, चौथी काढायची. आर्यभटापासून चालत आलेले हे गणित भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीतही आहे. तिथल्या संज्ञा प्रमाण, फल आणि इच्छा अशा आहेत. प्रमाण म्हणजे माहीत असलेला माल, फल म्हणजे त्याची माहीत असलेली किंमत, इच्छा म्हणजे आपल्याला हवा असलेला माल. काढायचे ते इच्छाफल. ‘इच्छा’ हा शब्द इथे मला फार आवडतो, कारण गणितात विचारणाऱ्या माणसाला त्याने जागा ठेवली आहे. भाषांतराचे त्रैराशिकही असेच मांडता येते. जुने वाक्य हे प्रमाण, त्याचे भाषांतर हे फल, नवे वाक्य ही इच्छा.

मराठीत ‘उदाहरण’ शब्दही या बाजूने पाहण्यासारखा आहे. उद्, आ आणि हृ: वर काढून पुढे आणणे. न्यायशास्त्राच्या पाच अवयवी वाक्यात उदाहरण हा तिसरा अवयव. डोंगरावर धूर आहे म्हणून विस्तव आहे, जसा स्वयंपाकघरात. त्याच्या पुढचा चौथा अवयव म्हणजे उपनय, जवळ नेणे: हा डोंगरही तसाच. ही जवळ नेण्याची पायरी नैयायिकांनी वेगळी मोजली, तिला स्वतंत्र नाव दिले, हे मला त्यांच्या बारकाव्याचे मोठे लक्षण वाटते. उदाहरण सापडणे वेगळे आणि ते प्रस्तुत गोष्टीला लावणे वेगळे. आपल्या शाळेतल्या मराठीत मात्र हा शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला. पुस्तकात सोडवून दाखवलेले गणित हेही उदाहरण आणि मुलाने सोडवायचे गणितही उदाहरण. ‘पाचवं उदाहरण सोडव’ असे आपण म्हणतो. सुटलेले आणि सुटायचे यांना एकच नाव देणारी भाषा सादृश्याचे मर्म बरोबर ओळखून आहे.

नैयायिकांनी तर उपमान हे ज्ञानाचे वेगळे साधनच मानले. वैशेषिकांनी आणि बौद्धांनी ते वेगळे मानले नाही, त्यावर शतकानुशतके वाद झाले. नेहमीचा दाखला गवयाचा. ज्याने गवय पाहिलेला नाही त्याला सांगितले, गवय गाईसारखा असतो. तो रानात गेला, गाईसारखे जनावर दिसले, आणि त्याला कळले की गवय म्हणतात तो हा. आपला मेळघाटातला गवा तो हाच, ‘गवय’चा गवा झालेला. लक्ष द्यायचे ते इथे: उपमानाने त्याला मिळाले ते जनावराचे ज्ञान नव्हे, जनावर तर डोळ्यांनीच दिसले. मिळाला तो नाव आणि वस्तू यांचा संबंध. म्हणजे सादृश्याचे काम शब्दाचा अर्थ लावण्याचे आहे, असे या मंडळींनी फार पूर्वी ठरवले होते.

भाषा स्वतःही असेच त्रैराशिक मांडत असते. बोलायला लागलेले मूल ‘मी करलं’ म्हणते. बसचे बसलं, हसचे हसलं, तर करचे करलं. ‘केलं’ त्याने ऐकलेले असते, पण त्याच्या वहीत बसलं-हसलंच्या नोंदी जास्त. हेर्मान पाउल या जर्मन विद्वानाने १८८० च्या ग्रंथात भाषेतल्या बदलांची अशी प्रमाणे मांडून दाखवली. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत लॅटिनमधला ‘होनोस’ शेजारच्या रूपांच्या ओढीने ‘होनोर’ कसा झाला ते आहे. विदर्भात सर्रास ऐकू येणारे ‘मी पाणी पिलो’ हे याच जातीचे. प्रमाण मराठी ‘प्यायलो’ म्हणते, आणि पिलो म्हणणाऱ्याला पुण्यात हसतात. पण ‘पि’ला ‘लो’ लावणारा माणूस नियमाचेच राज्य वाढवत असतो.

विदर्भाच्या बोलीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नमुना मात्र दुसरा आहे. ‘काय करून राह्यला?’ ‘पाऊस येऊन राह्यला.’ ‘पोरगं रडून राह्यलं.’ वर्धा, नागपूर, अमरावतीकडे ही बोलण्याची रोजची रीत. अर्थ चालू वर्तमानाचा: काय करतो आहेस, पाऊस येतो आहे, पोर रडते आहे. हिंदीतल्या ‘जा रहा है’चा हा मराठी जोडीदार आहे. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग जुन्या मध्य प्रदेशात, म्हणजे हिंदी आणि मराठी एकत्र नांदणाऱ्या राज्यात होता. आष्टीहून आजचा मध्य प्रदेशही लांब नाही. हिंदीचा परिणाम म्हणून लोक याची बोळवण करतात. मला त्यात परिणामापेक्षा कामगिरी दिसते. हिंदी धातू नुसता ठेवते: जा, कर, रो. मराठीत नुसता धातू असा उभा राहू शकत नाही, म्हणून बोलणाऱ्यांनी त्याला ‘ऊन’ लावले. ‘रहा’च्या जागी ‘राहिला’ आणला, लिंग-वचन मराठीचे लावले, आणि शेवटचे ‘है’ सोडून दिले. कोणत्या तुकड्यासमोर कोणता तुकडा हे ओळखायचे आणि मग आपल्या भाषेच्या रीतीने जोडायचे. यंत्रावर काम करणारे ज्याला जुळणी आणि पुनर्बांधणी म्हणतात ती सगळी प्रक्रिया इथे शेतात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर, कोणी न शिकवता पार पडली.

आता हेच वाक्य यंत्रापुढे ठेवा. ‘राह्यला’ हे रूपाने भूतकाळी आणि अर्थाने वर्तमान. प्रमाण मराठीतही ‘जाऊन राहिला’ आहे, पण तिथे त्याचा अर्थ जाऊन मुक्काम केला, वस्ती केली. पुण्या-मुंबईच्या छापील मजकुरावरच ज्याची वही भरली आहे ते यंत्र ‘पाऊस येऊन राह्यला’साठी सर्वांत जवळचा दाखला शोधील आणि तो त्याला ‘पाहुणा येऊन राहिला’ असा मिळेल. पाऊस मुक्कामाला येईल. यात यंत्राचा तर्क कुठेच चुकलेला नाही. त्याने जवळीक नीट मोजली, अनुकरणही नीट केले. चुकले ते वहीत. आष्टीचे वाक्य तिच्यात दाखल झालेले नव्हते.

जोडकामाचा प्रश्न वेगळा आहे आणि मराठीत तो फारच खडतर आहे. जुन्या वाक्यातला एक तुकडा काढून नवा बसवला की सांधा करकरतो. ‘मुलाने आंबा खाल्ला’ हे वाक्य वहीत आहे. आंब्याच्या जागी चिंच घातली की क्रियापद ‘खाल्ली’ करावे लागते, केळे घातले की ‘खाल्ले’. संत्र्यापाशी तर यंत्राची आणखी पंचाईत. पुण्याकडे संत्रे नपुंसक, एक संत्रे आणि दोन संत्री. जिथे ते पिकते त्या विदर्भात मात्र संत्रा पुल्लिंगी, एक संत्रा आणि दोन संत्रे. म्हणून ‘संत्रे’ हा लिहिलेला शब्द एका ठिकाणी एक फळ आणि दुसऱ्या ठिकाणी अनेक. (या फळाच्या नावाचीही सादृश्याने एक कथा रचली गेली. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने फारसी ‘संगतरा’चा संबंध पोर्तुगालातल्या सिंत्रा गावाशी असावा असे म्हटले. संगतऱ्याचे वर्णन मात्र बाबराच्या आठवणींइतके जुने आहे. ध्वनी जुळला की व्युत्पत्तीकाराचा हात किती चटकन पुढे होतो ते पाहण्यासारखे आहे.)

कधी कधी मात्र मराठीचा हात आपोआप मिळतो. १९९१ मध्ये जपानच्या एटीआर संस्थेतल्या सुमिता आणि ईदा यांनी नागाओंची पद्धत जपानीतल्या ‘नो’ या एका अव्ययावर चालवून पाहिली. दोन नामांना जोडणारा हा ‘नो’ इंग्रजीत कधी एक शब्दयोगी होतो तर कधी दुसरा, आणि नियमाने तो आवरत नाही. मराठीत? आठ तारखेची दुपार, क्योतोची परिषद, परिषदेची फी. तिन्हीकडे ‘ची’. मातीचे घर, आईचे घर, भाड्याचे घर, तीन खोल्यांचे घर यातला ‘चे’ जपानी माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. एवढ्या दूरच्या दोन भाषांचा सांधा एका प्रत्ययावर असा बसलेला पाहून मला आनंद होतो, तो लपवायचे कारण नाही.

भारतात कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी १९९१ च्या सुमारास ‘आंग्लभारती’ उभी केली ती मुख्यतः नियमांवर, आणि १९९५ च्या सुमारास ‘अनुभारती’ आणली ती दाखल्यांवर, हिंदीतून इंग्रजीत जाण्यासाठी. ‘अनुसारक’ या दुसऱ्या प्रणालीने पाणिनीय व्याकरणाच्या आधाराने तेलुगू, कन्नड, बंगाली, पंजाबी यांच्याबरोबर मराठीही हिंदी वाचकाजवळ आणली.

आष्टीच्या परिसराला दाखल्यांचा इतिहास मात्र याहून फार जुना आहे. वर्धा नदी ओलांडली की मोर्शी तालुका, आणि त्यात महानुभाव पंथाचे रिद्धपूर. तेराव्या शतकात या पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरांनी आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले, आणि सांगताना दृष्टांत दिले. त्यांच्या परंपरेतल्या केसोबासांनी ते ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. त्यातले ११४ दृष्टांत हे मराठीतले गोष्टींचे पहिले भांडार म्हणून वाखाणले जातात, पण मला त्या ग्रंथाची बांधणी जास्त मोलाची वाटते. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. दृष्टांतातली कोणती गोष्ट सिद्धांतातल्या कोणत्या गोष्टीसमोर ठेवायची हे दार्ष्टांतिकात उलगडते. उदाहरण नुसते देऊन भागत नाही, त्याची जुळणी लिहून ठेवावी लागते, हे या ग्रंथकाराने जाणले होते. नैयायिकांचा उपनय इथे मराठीत उतरला. आज यंत्रासाठी दोन भाषांची वाक्ये समोरासमोर लावून शब्दाला शब्दाची रेघ जोडणारी माणसे जे काम करतात ते दार्ष्टांतिकाचेच. मराठी भाषेचे विद्यापीठ रिद्धपूरला निघाले आहे. त्याने हे काम हाती घेतले तर ते परक्याचे वाटणार नाही.

दुसरा मोठा संग्रह ग्रिअर्सनचा. त्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा, आणि तो स्टेन कोनोव यांनी तयार केला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनी सगळीकडे एकच कथा घेतली: बापाकडून वाटा मागून घेऊन उधळणारा आणि परत येणारा मुलगा. ती वऱ्हाडीत सांगितली गेली, नागपुरीत सांगितली गेली, कोकणीत सांगितली गेली. एकच मजकूर, अनेक बोली, ओळीस ओळ लावून पाहता येईल असा. पुढे यंत्रांना जे समांतर ग्रंथभांडार लागले त्याचा हा कागदावरचा पूर्वज. आणि मराठी बायबलात येशूच्या अशा कथांना काय म्हणतात? दाखला. पेरणाऱ्याचा दाखला, उधळ्या पुत्राचा दाखला. वहीतली नोंद, नजीर आणि आता बोधकथा. अरबी शब्दाने मराठीत येऊन इतकी घरे केली.

आष्टीच्या नावामागे कंसात जो शब्द लिहितात त्याचा प्रवासही सादृश्याचाच आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चले जावच्या चळवळीत लोकांचा मोर्चा इथल्या पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, सहा जणांनी प्राण दिले. पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरही पेटले होते. तेव्हापासून हे गाव आष्टी (शहीद).

शहीद हा अरबी शब्द, आणि त्याचा पहिला अर्थ साक्षीदार. जुन्या दफ्तरी मराठीत ‘शाहिदी’ म्हणजे साक्ष, पुरावा. साक्ष देणारा प्राण देणारा कसा झाला? ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजेही साक्षीदारच होता. श्रद्धेची साक्ष देताना जे मारले गेले त्यांना ख्रिस्ती परंपरेने हा शब्द लावला आणि त्याचा अर्थ वळला. सीरियाकमध्ये साक्षीदाराला ‘साहदा’ म्हणत. ग्रीकच्या धर्तीवर तोही तसाच वळला. अरबीतल्या शहीदला हे वळण त्याच वाटेने मिळाले, असे बरेच अभ्यासक मानतात. शब्द उसना घेतला नाही, आपलाच ठेवला, पण त्याची चाल शेजाऱ्याच्या शब्दावरून उचलली. मार्तुसचे जे झाले ते साहदाचे, साहदाचे जे झाले ते शहीदचे.

मराठीने आणखी एक जोडी केली. सावरकरांनी रूढ केलेला ‘हुतात्मा’ साक्षीच्या वाटेने आला नाही. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. यज्ञात जी आहुती, तेच स्वातंत्र्याच्या लढ्यात प्राणांचे स्थान. त्रैराशिक पुरे झाले आणि शब्द निघाला. एकाच मरणाला एक भाषा न्यायसभेचा दाखला देते, दुसरी यज्ञवेदीचा. आष्टीत दोन्ही शब्द शेजारी आहेत: गाव शहीद, स्मारक हुतात्म्यांचे. इंग्रजीत दोघांना एकच शब्द मिळतो, आणि जवळचा दाखला म्हणून तो बरोबरही आहे. फक्त साक्ष आणि आहुती ही दोन्ही दृश्ये त्यात विझतात.

नावाचाही घोटाळा आहे. आष्टी बीड जिल्ह्यात आहे, गडचिरोलीत आहे, सोलापुरातही आहे. २० फेब्रुवारी १८१८ ला सेनापती बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूरकडची. ‘आष्टीची लढाई’ आणि ‘आष्टीचा उठाव’ यांत सव्वाशे वर्षांचे आणि अर्ध्या महाराष्ट्राचे अंतर आहे. कोणती आष्टी हे शेजारचे शब्दच सांगणार: बापू गोखले असतील तर एक, चिमूर असेल तर दुसरी.

नागाओंची पद्धत जशीच्या तशी आज क्वचितच चालते. आधी आकडेशास्त्र आले, मग न्यूरल जाळी आली. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ मध्ये आली आणि २०१७ मध्ये न्यूरल पद्धतीवर गेली. पण सादृश्य गेले नाही, ते खोल उतरले. २०१३ मध्ये मिकोलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांना आकड्यांच्या अवकाशात बसवले, तेव्हा राजातून पुरुष वजा करून स्त्री मिळवली की राणीजवळ पोचता येते असे दिसले, पुन्हा त्रैराशिक. आजच्या मोठ्या भाषाप्रतिमानांना दोन-तीन नमुने दाखवून ‘असेच पुढचे करा’ म्हटले तर ती करतात. पूर्वी वही उघडून पाहता येत होती, कोणत्या नोंदीवरून निवाडा झाला ते बोट ठेवून दाखवता येत होते. आता नोंदी विरघळून आकडे झाल्या आहेत. म्हणून वहीत काय दाखल होते आणि काय बाहेर राहते याची काळजी पूर्वीपेक्षा जास्त घ्यावी लागेल. जी बोली छापली जात नाही ती जाळ्यात शिरतच नाही, आणि मग तिचे वाक्य आले की दुसऱ्याच बोलीच्या दाखल्यावर तिचा निकाल लागतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण केले आहे त्याचे मोल मला म्हणून फार वाटते. वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, तिथे अनुवाद आणि भाषा-तंत्रज्ञान शिकवले जाते; हिंदी आणि विदर्भाची मराठी यांची जोडी लावून पाहायला त्याहून चांगली जागा कोणती?

आणि दाखल करायच्या त्या जोड्या अर्ध्या वाक्याच्या असून भागणार नाही, प्रसंगासकट हव्यात. ‘काकू नागपूरले जाऊन राह्यल्या, डबा देऊ का संगं?’ या वाक्यात काकू अजून दारात आहेत. ‘काकू नागपूरले जाऊन राह्यल्या, घर दोन सालापासून बंद आहे’ यात त्या तिथे राहायला गेल्या आहेत. क्रियापद तेच, रूपही तेच. डबा आणि बंद घर हे दोन शब्द दोन्ही अर्थ वेगळे करतात, आणि ते वहीत त्या क्रियापदाच्या शेजारीच लिहिले गेले पाहिजेत.